केळ्याने दार दुरुस्त होत नाही

रामबागेतल्या आमच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय: 'तरुण मुलं चालता-चालता कोसळतात ती पोटॅशियम कमी पडल्याने. रोज दोन केळी, एक शहाळं घ्या. ईसीजी नॉर्मल असेल तर निश्चिंत राहा. दोष रक्तातलाच असेल तर इलाज नाही.' खाली तिघांनी हातही जोडले, म्हणून लिहितो.

आधी केळं. अशा कोसळण्यामागे कधीकधी लाँग क्यूटी हा हृदयाची लय बिघडवणारा आनुवंशिक विकार असतो, आणि त्यात रक्तातलं पोटॅशियम बहुधा ठीकच असतं. बिघडलेलं असतं ते त्याला हृदयाच्या पेशीबाहेर सोडणारं प्रथिनाचं दार. केसीएनक्यू१ किंवा केसीएनएच२ या जनुकांत बदल झाला की अशी दारं कमी बनतात, नाहीतर नीट चालत नाहीत. आपल्या इंदूरचा सराफाच बघा ना. सोन्याची दुकानं बंद झाल्यावर त्यांच्यापुढे भुट्ट्याच्या कीसाचे ठेले लागतात. शटर पडायला उशीर झाला आणि ठेलेवाले आधीच घुसले तर? तसंच हृदयात होतं. एक ठोका अजून आवरतोय, तेवढ्यात अवेळी दुसरा घुसतो आणि लय सुटते. जुलाब-उलट्यांत पोटॅशियम खरंच घसरलं तर हे आणखी बिघडतं. मेसेजात तथ्य आहे ते एवढंच. आणि मूत्रपिंड अधू असलेल्या आजोबांना रोज शहाळं पाजणं तर धोक्याचंच.

नॉर्मल ईसीजीचं म्हणाल, तर सदोष जनुक असलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याचा ईसीजी ठीकच दिसतो. म्हणून घरातली हकीकत विचारायची. चांगलं पोहणारं कुणी अचानक बुडालं का? गजर वाजताच कुणी बेशुद्ध पडलं का? कुणाला मिरगी समजून वर्षानुवर्षं गोळ्या चालू होत्या का? केसीएनक्यू१मधल्या दोषाला धावणं, विशेषतः पोहणं बाधतं. केसीएनएच२मधल्या दोषाला दचकवणारा आवाज.

राहिलं 'इलाज नाही'. आईवडिलांपैकी एकात दोष असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी, आणि उतरला तरी कित्येकांना आयुष्यभर काही होत नाही. प्रोप्रॅनोलॉल, नॅडोलॉल यांसारखे बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाला आवर घालणारी औषधं, जुनीच आहेत; मोजक्या रुग्णांना छातीत शॉक देणारं यंत्र बसवतात.

मेसेजवाल्याने औषधांबद्दल मात्र अवाक्षर काढलेलं नाही. काही औषधं केसीएनएच२चंच दार अडवतात: मेडिकलवरून सहज आणलेल्या पित्ताच्या गोळीतलं डोमपेरिडोन, उलटीवरचं ऑनडॅनसेट्रॉन. निदान झालेल्याने डॉक्टरांकडून अशा नावांची यादी घेऊन पाकिटात ठेवावी आणि दाताच्या डॉक्टरलासुद्धा दाखवावी.