क्ले कॅमलला कुणी वाली नाही

शाळेच्या ग्रुपवर आज सकाळी कुणीतरी टाकलं, 'सर्वांत भारी खलनायक कोण?' दुपारपर्यंत तेच ते. जोकर, थॅनोस, जोकर, थॅनोस. एकाने मोगॅम्बो लिहिलं, त्याला निदान चवीचे मार्क. मी लिहिलं, 'क्ले कॅमल'. कुणी हूं की चूं नाही. बऱ्याच वेळाने एकजण विचारतो, 'ते रंग ना रे, कॅमलचे?'

अरे! इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेली माणसं ही. मधल्या सुट्टीत वेताळच्या, म्हणजे फँटमच्या, अंकासाठी मारामाऱ्या केलेली. आणि आता ह्यांना व्हिलन म्हटला की सिनेमातलाच आठवतो.

तर सांगतो. त्याच इंद्रजालमधला मँड्रेक जादूगार. ली फॉकने त्याला १९३४ साली आणलं, वेताळच्या दोन वर्षं आधी. मँड्रेकचा शत्रू म्हटलं की ज्यांना थोडंफार आठवतं ते 'कोब्रा' म्हणतात. हो, कोब्रा मोठा. १९३७ मध्ये संपला असं वाटलं, तो १९६५ मध्ये चांदीचा मुखवटा घालून परत आला, मनाची ताकद वाढवणाऱ्या स्फटिकाच्या घनांच्या मागे लागला. पण मुखवटा घालून कुणीही भीतीदायक दिसेल हो. क्ले कॅमल ऊर्फ साकी मुखवटा घालत नाही, तुमचाच चेहरा घालतो. काही सेकंदांत कुणाचंही रूप, कुणाचाही आवाज. आणि चोरी करून जाताना तिथे मातीचा छोटा उंट ठेवून जातो.

तो उंट माझ्या डोक्यात असा बसला की विचारू नका. आमच्या गल्लीच्या टोकाला गणपतीचा कारखाना होता. तिथून शाडूचा गोळा मागून आणला, उंट केला, आणि बेसनाचे लाडू लंपास करून डब्यात तो ठेवला. आईने डबा उघडला, उंट बघितला, आरडाओरडा काही नाही. उंट फडताळावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ज्याचा असेल त्याने मागून घ्यावा."

मान्य, कागदावर वेषांतर फुकटात होतं, चित्रकाराने दुसरा चेहरा काढला की झालं. बरं मग? मजा वाचणाऱ्याच्या बाजूने बघा ना. साकी गोष्टीत आहे हे एकदा कळलं की चौकटीतला दरवान संशयित, वेटर संशयित, कोपऱ्यातली म्हातारी संशयित. दोन पानं मागे जाऊन नाकं तपासायची. एवढी मेहनत थॅनोस करून घेतो का तुमच्याकडून? तो येतो, भाषण देतो, चुटकी वाजवतो.

आणि हल्लीचं ते रडगाणं! व्हिलन म्हटला की त्याच्या लहानपणी काहीतरी झालेलंच असतं. बाप मारायचा, जगाने नाकारलं, पाऊस पडत होता. अर्धा सिनेमा त्यातच. अरे बाबा, चोर आहेस, चोरी कर. साकी कधी कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत नाही. त्याला त्याचं काम येतं, आणि ते आपल्याला येतं ह्याचा त्याला माज आहे. संपलं.

पण त्या माजातच खरी गंमत आहे बघा. आपल्याकडे बहुरूपी यायचा, इन्स्पेक्टर होऊन दारात दरडावायचा, आणि शेवटी 'लग्नाला चला' करत पैसे मागायचा. ओळख दिल्याशिवाय त्याच्या कलेला दाद कोण देणार? साकीचं तसंच. जगात कुणाला ओळखू येऊ नये हेच ज्याचं कौशल्य, तो हटकून सही करून जातो. पकडला गेला तरी चालेल, पण हे काम दुसऱ्या कुणाच्या नावावर जाता कामा नये.

मला हे दहाव्या-अकराव्या वर्षी कळलं ते त्या फडताळासमोर. आईचा मार परवडला असता हो. शेजारच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, कुत्रं किती छान केलंय कुणीतरी." कुत्रं! जीव नुसता तळमळला. कुबड नीट बसलं नव्हतं, कबूल, पण कुत्रं? आई माझ्याकडे न बघता भाजी निवडत होती. तिला सगळं माहीत होतं. आता ती नाही, म्हणून हे लिहिताना जरा थांबावं लागलं.

हं. तर.

कुणीतरी येऊन सांगेलच की त्या मँड्रेकमध्ये त्याच्या आफ्रिकन जोडीदाराला, लोथारला, कसं दाखवलंय ते बघा. बघितलंय. सात राष्ट्रांचा राजपुत्र, आणि अंगावर बिबट्याचं कातडं, तोंडी मोडकी भाषा. वाईटच होतं ते. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रं काढायला लागला तेव्हा कुठे त्याला धड कपडे मिळाले. ते भांडण वेगळं, जरूर भांडू, पण त्यापायी साकीला अडगळीत टाकू नका.

आणि त्याला पोरगी आहे हे किती जणांना माहीत आहे? ब्रास मंकी. बापासारखीच रूपं बदलण्यात पटाईत. घराण्याची गायकी असते तसं घराण्याचं वेषांतर! ह्यावर एक सिनेमा काढायला कुणाच्या बापाचं काय जातंय? पण नाही, तोच जोकर सतराव्यांदा.

कुणाच्या माळ्यावर मराठी इंद्रजालचे गठ्ठे पडले असतील तर कळवा. मी घरी येऊन, हात धुऊन, तिथेच बसून वाचीन. विकायचे असतील तर भाव इनबॉक्समध्ये सांगा, आणि कृपा करून 'व्हिंटेज' म्हणून दहापट लावू नका, आतली पानं वाळवीने खाल्लेली असतात हे मलाही माहीत आहे.