टपोरं कणीस आणि बियाण्याची पारख

दादा, नमस्कार. "नुसतं कणीस पाहून बी धरू नका" या माझ्या वाक्यावर तुम्ही लिहिलंत : "आमच्या आज्यापंज्यांनी टपोरी कणसं पाहूनच ज्वारीचं बी धरलं. ते काय अडाणी होते? परभणीच्या विद्यापीठात तरी दुसरं काय करतात?"

आज्यापंज्यांची रीत बरोबरच होती. त्यांच्या रानात गावरान ज्वारी असायची, म्हणजे एकाच वावरात नाना वंशांची ताटं. कुठलं उंच, कुठलं लवकर निसवणारं. अशा वावरात निवड फळते. मोहोळला मालदांडी या गावरान ज्वारीतून 'एम ३५-१' हा वाण असाच निवडून काढला गेला.

आज तुम्ही पिशवीतलं सुधारित बी पेरता. तिथली ताटं वंशानं जवळपास सारखीच असतात. तरी धुऱ्यावरचं कणीस भरदार, कारण एका बाजूला शेजारी नाही, ऊन मोकळं, ओलीतही वाटेकरी कमी. रब्बी ज्वारी तर साठलेल्या ओलीवरच येते, त्यामुळे भारी काळ्या रानातलं आणि मुरमाड उतारावरचं पीक एकाच पिशवीतलं वाटतसुद्धा नाही. हा फरक जागेचा. तो पुढच्या पिढीत उतरत नाही.

डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ साली घेवड्यावर हेच दाखवलं. एकाच शुद्ध वंशातले, म्हणजे एकाच झाडापासून वाढवलेले, जड आणि हलके दाणे त्यांनी वेगळे पेरले, तर दोन्हींच्या संततीचं सरासरी वजन सारखंच भरलं. अनेक वंशांच्या मिश्रणातून निवडल्यावर मात्र फरक पडला. तुमचा-माझा वाद मला तरी इथेच मिटताना दिसतो.

विद्यापीठात कणीस पाहतातच, पण तिथे थांबत नाहीत. निवडलेल्या प्रत्येक कणसाचं बी वेगळ्या ओळीत, जुन्या वाणाच्या शेजारी पेरतात. पुढे त्याच ओळी निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या हंगामांत पुन्हा घेतात, आणि फुलोऱ्याचे दिवस, उंची, दाण्याचं वजन, कडबा मोजतात. दाण्याचा रंग मोजक्या जनुकांवर ठरतो, तो डोळ्यांना कळतो. उत्पादनामागे असंख्य जनुकं, वर पाऊस आणि जमीन, तिथे नजर फसते. काही गुण तर दिसतच नाहीत : २०१८ च्या 'परभणी शक्ती' या ज्वारीच्या वाणातलं जादा लोह आणि जस्त प्रयोगशाळेतच कळलं.

तुमच्याकडे गावरान बी अजून असेल, तर धुऱ्याकडच्या ओळी सोडा. वावराचे सारखे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यातली चांगली कणसं घ्या, नाहीतर सगळं बी भारी कोपऱ्यातूनच येईल. आणि प्रत्येक कणसाचं बी वेगळं ठेवून एकेक ओळ पेरून बघा.