कुठले जोशी?

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली, रुमालाला हात पुसले आणि मला कळू लागल्यापासून जो प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे, नेमका तोच विचारला.

"कुठले जोशी?"

"पुण्याचे."

"ते राहायला. मूळचे?"

"पणजोबा साताऱ्याकडून आले, असे ऐकतो."

"म्हणजे देशावरचे. पण नाक कोकणातले दिसते."

"आई कोकणातली आहे."

"तिचे माहेरचे आडनाव काय?"

येथे मी अख्खी जिलबी तोंडात कोंबली. या प्रश्नाचे खरे उत्तर दिले की पंगत उठेपर्यंत सुटका होत नाही, हे मला अनुभवाने ठाऊक आहे, कारण आईचे माहेरचे आडनावही जोशीच आहे. त्यावर कडी म्हणजे पत्नीचे माहेरही जोश्यांचेच, आणि ते धारवाडचे, जिथे घरात कानडी आणि देवघरात संस्कृत चालते. एका घरात तीन प्रकारचे जोशी नांदत असूनही मी नेमका कुठला, हे मला आजवर कोणाला धड सांगता आलेले नाही.

चिपळूणकरांचे, नगरकरांचे किंवा सोलापूरकरांचे बरे असते. त्यांनी आडनावालाच पत्ता चिकटवून ठेवला आहे. भले त्यांच्या चार पिढ्यांनी चिपळूण पाहिले नसेल, पण विचारणाऱ्याचे समाधान होते. आमच्या आडनावात गाव नाही, फक्त धंदा आहे, आणि धंदाही असा की जिथे डोक्यावर आकाश आहे तिथे तो चालतो. संस्कृतातला ज्योतिषी लोकांच्या तोंडी घासत घासत प्राकृतात 'जोइसी' झाला आणि तिथून आणखी झिजून 'जोशी' झाला. हिमालयातल्या ज्योतिर्मठाचा याच रीतीने जोशीमठ झाला होता. त्या तालुक्याने २०२४ साली सरकारी मंजुरीने आपले मूळ नाव परत मिळवले. ती बातमी वाचून आपणही राजपत्रात जाहिरात देऊन पुन्हा ज्योतिषी व्हावे, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. परंतु नाव बदलण्यासाठी मुहूर्त कोणता चांगला, हे मला कोणाला तरी विचारावे लागले असते.

कारण ज्योतिषातले मला काही म्हणजे काही कळत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकादशी कोणत्या दिवशी आहे, हे लाल अक्षरात छापले नसते तर तेही मला कळले नसते. तरीही आडनाव सांगितल्यावर दहातले दोघे तरी, थट्टेने का होईना, तळहात पुढे करतात. पूर्वी मी प्रामाणिकपणे नकार देत असे. हल्ली मी हात हातात घेतो, डोळे बारीक करतो आणि "पाठीची काळजी घ्या" एवढेच सांगतो. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या बाबतीत हे भविष्य आजवर एकदाही चुकलेले नाही.

आमच्या पूर्वजांनाही याहून फार अधिक कळत असेल, अशी खात्री मला वाटत नाही. मात्र त्यांची व्यवस्था उत्तम होती. बलुतेदारांमध्ये ग्रामजोशी असे. त्याने तिथी सांगावी, पेरणीचा दिवस काढावा, बारशाचे अक्षर द्यावे, लग्नाची घटिका लावावी आणि खळ्यावरून आपल्या वाट्याचे धान्य न्यावे. हे वतन वंशपरंपरेने चाले, म्हणजे बापाचे भविष्य चुकले तरी मुलाची नोकरी पक्की. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, त्याचे अनुयायी भटजीवाचून लग्ने लावू लागले आणि तेव्हा ही पंचाईत खऱ्या अर्थाने चव्हाट्यावर आली. ज्यांना बोलावलेच नव्हते असे ग्रामजोशी, "आमचा हक्क बुडाला, दक्षिणा द्या" म्हणून यजमानांवर फिर्यादी लावू लागले. न केलेल्या कामाची मजुरी कोर्टामार्फत वसूल करण्याचा हा मार्ग मुंबई इलाख्यात १९२६ सालच्या कायद्याने कायमचा बंद झाला. माझ्या कार्यालयातील काही सहकाऱ्यांकडे पाहताना ती परंपरा अगदीच नामशेष झाली असे वाटत नाही. पण ते जोशी नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी येथे लिहीत नाही.

आडनावामुळे रोजच्या व्यवहारात जो छळ होतो तो मात्र कोणत्याही कायद्याने थांबलेला नाही. आमच्या इमारतीत चार जोशी कुटुंबे आहेत. पहारेकऱ्याने आपल्या सोयीसाठी आमची नावे ठेवली आहेत: डॉक्टर जोशी, कुत्रेवाले जोशी, वरचे जोशी आणि दुसरे जोशी. दुसरे जोशी म्हणजे मी. पहिले कोण, हे त्याने मला अजून सांगितलेले नाही. कुरिअरवाल्याला हे वर्गीकरण ठाऊक नसल्याने तो सगळ्या जोश्यांचे टपाल तळमजल्यावरच्या जोश्यांकडे, म्हणजे पुन्हा माझ्याकडेच, टाकून जातो. परिणामी वरच्या जोश्यांच्या रक्तातील साखर मला त्यांच्या आधी कळते, आणि जिन्यात भेटल्यावर "गोड जरा कमीच घ्या" असे माझ्या तोंडून निघून गेले की ते थक्क होऊन पाहतात. इमारतीत ज्योतिषी म्हणून माझा जो काही लौकिक आहे, तो एवढ्यावरच उभा आहे.

बँकेची गोष्ट याहून वाईट. खात्यातला पत्ता बदलायचा होता म्हणून मी दूरध्वनी केला. पलीकडच्या मुलीने सुरक्षेसाठी म्हणून आईचे माहेरचे आडनाव विचारले.

"जोशी."

"सर, तुमचे नाही. आईचे."

"आईचेच सांगतो आहे. जोशी."

"सर, लग्नानंतरचे नको, आधीचे हवे."

"आधीही जोशी, नंतरही जोशी. बाई गं, तिला त्याचा काही त्रास झाला नाही, तू का करून घेतेस?"

ती काही वेळ काहीच बोलली नाही. मग तिने गंभीर आवाजात सांगितले, की सुरक्षेचे उत्तर आणि खातेदाराचे आडनाव एकच असल्यामुळे हे खाते सुरक्षित मानता येत नाही आणि मला जवळच्या शाखेत जावे लागेल. शाखेत गेलो तो पत्नीलाही बरोबर घेऊन गेलो, कारण तिचे नाव खात्याला जोडायचे होते. तिथल्या अधिकाऱ्याने लग्नाआधीचे आणि नंतरचे कागद शेजारी शेजारी ठेवले आणि आडनाव बदलल्याचा पुरावा मागितला. बदललेच नाही, असे म्हटल्यावर त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि "मग लग्न झाले हे कशावरून?" असे विचारले. मी त्याला समजावून सांगितले, की आडनाव एक असले तरी आम्ही एकमेकांचे कोणी लागत नव्हतो. जोशी एकट्या कोकणस्थांतसुद्धा कितीतरी गोत्रांत सापडतात, मग देशस्थ, कऱ्हाडे आणि इतर सगळे वेगळेच. माझे गोत्र भारद्वाज आहे आणि हिचे काश्यप. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. गोत्राचा रकाना त्याच्या फॉर्मात नव्हता.

आमच्या पत्नीचे म्हणणे असे, की जोश्यांचा खरा विस्तार पाहायचा तर महाराष्ट्राबाहेर पाहावा. तिचा पहिला दाखला अर्थातच भीमसेन जोशींचा असतो. १९२२ साली गदगच्या परिसरात जन्मलेला, घरी कानडी बोलणारा हा माणूस पुण्यात राहिला आणि त्याने मराठी अभंग असे गायले, की तो कुठला जोशी, हे विचारण्याची कोणाची छाती झाली नाही. मी हे उदाहरण पंगतीत वापरून पाहिले आहे. "तुम्ही गाता का?" असा प्रतिप्रश्न आला.

गुजरातेत जोशी भरपूर, आणि तिथे काही जण पोटफोड्या 'ष' घालून 'जोषी' लिहितात, जे मुळातल्या ज्योतिषाशी आमच्यापेक्षा अधिक इमान राखणारे आहे. राजस्थानात भीलवाडा आणि शाहपुरा भागातले जोशी आकाशाकडे न पाहता कापडाकडे पाहतात: पाबूजी आणि देवनारायण या लोकदेवतांच्या कथांचे लांबलचक पट, ज्यांना फड म्हणतात, रंगवणे ही त्यांची पिढीजात कला आहे. त्यांतल्या श्रीलाल जोशींना २००६ साली पद्मश्री मिळाली. आपल्याकडेही जोशी म्हणजे केवळ सोवळ्यातला भटजी नव्हे. हातात कुडमुडे वाजवत दारोदार भविष्य सांगत फिरणारे कुडमुडे जोशी, तसेच मेढंगी जोशी, महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. उन्हातान्हात धंद्याशी खरे इमान त्यांनी राखले, आणि मराठी भाषेने त्यांना काय दिले, तर अर्धवट ज्योतिष्याला 'कुडमुड्या' म्हणण्याची पद्धत! केरळात तर जोशी हे आडनावच नाही, ख्रिस्ती घरांतून मुलांना ठेवले जाणारे नाव आहे. कोट्टायमहून आमच्या कार्यालयात आलेल्या एका गृहस्थांनी मला महिनाभर 'मिस्टर जोशी' म्हटल्यावर संकोचाने विचारले, की सगळे तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारतात, पण तुमचे आडनाव काय?

एकदा इंदूरच्या प्रवासात गाडीत समोर बसलेल्या हिंदी भाषक प्राध्यापकांनी माझे आडनाव ऐकून शरद जोशींची आठवण काढली. मी खुलून गेलो. शरद जोशींनी सरकारला कसे उघडे पाडले, साध्या माणसाच्या बाजूने ते कसे उभे राहिले, दिल्लीला त्यांची कशी धास्ती होती, यावर आमचे सुमारे पाऊण तास एकमत होते. चाकणच्या कांद्याचा विषय मी काढला, तेव्हा ते प्रथमच गोंधळले. मी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींविषयी बोलत होतो आणि ते उज्जैनला जन्मलेल्या हिंदी व्यंग्यकार शरद जोशींविषयी. पाऊण तासात एकही विधान कोणाला खटकले नाही, याचे श्रेय दोन्ही जोश्यांना द्यावे की सरकारला, हे आम्हाला ठरवता आले नाही.

या सगळ्याला कंटाळून गेल्या वर्षी आम्ही उत्तराखंडातल्या कुमाऊं भागात अल्मोड्याला गेलो. तिथे कोणी ओळखीचे नव्हते आणि पंगतही नव्हती. वळणावळणाच्या रस्त्याने गाडी एका देवदारापाशी थांबली, आणि समोरच्या घराच्या फाटकावर हिरव्या रंगात पाटी होती: जोशी निवास.

यजमानांनी माझे आधार कार्ड हातात घेतले, ते जवळ नेले, दूर नेले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "आप भी जोशी!" लगेच आल्याचा चहा आला, भटाची, म्हणजे तिकडच्या काळ्या सोयाबीनची, डाळ रात्रीसाठी भिजत पडली. कुमाऊंत जोशी पैशाला पासरी, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. इथले जोशी पत्रिकेपेक्षा राजकारणात अधिक रमले. चंद राजांच्या पडत्या काळातले हर्षदेव जोशी राजे बसवत आणि उठवत असत. पूर्वेला नेपाळात गेलात तर काठमांडूच्या खोऱ्यातल्या नेवारांतही ज्योतिषाचा पिढीजात व्यवसाय असलेले जोशी आहेत, आणि तिथल्या सरकारने आपला पहिला ई-पासपोर्ट २०२१ साली शंभरी ओलांडलेल्या सत्यमोहन जोशी या संशोधकांच्या हाती दिला. हर्षदेव माझे कोणीही लागत नव्हते आणि सत्यमोहनही नव्हते. तरी माझी मान ताठ झाली, हे मी नाकारत नाही. मग यजमानांनी कप खाली ठेवला.

"अच्छा, तो कहाँ के जोशी?"

मी पत्नीकडे पाहिले. ती खिडकीतून देवदाराकडे पाहत होती.

इथेही म्हणे प्रकार आहेत. झिझाडचे जोशी वेगळे, दन्याचे वेगळे, आणि गल्लीचे म्हणवणारे वेगळेच; गाव कळल्याशिवाय सोयरीक तर सोडाच, गप्पासुद्धा पुढे सरकत नाहीत. यजमान झिझाडचे होते. मी सातारा, कोकण आणि धारवाड या तिन्हींचा उच्चार करून पाहिला. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि, एवढे फिरलेले घराणे आहे तर विद्या तरी सुटली नसेल, अशा विश्वासाने कपाटातून लाल फडक्यात गुंडाळलेली एक पत्रिका आणून माझ्या मांडीवर ठेवली. त्यांच्या नातवाची होती. परीक्षेत यश आहे की नाही, एवढेच पाहायचे होते.

"आप ही देख लीजिए," मी म्हणालो. "आप भी तो जोशी हैं।"

त्यांनी घसा खाकरला. पत्रिका त्यांनी उलटी धरली आहे, हे मला बऱ्याच वेळाने कळले, आणि तेही मागच्या बाजूचा गणपती डोक्यावर उभा दिसला म्हणून. आम्ही दोघे जोशी बारा घरांच्या त्या चौकोनावर वाकून बसलो होतो आणि दोघांपैकी एकालाही पहिले घर कोणते, हे सांगता येत नव्हते. शेवटी त्यांनी मुलाला हाक मारली आणि खालच्या आळीतून पंडितजींना बोलावून आणायला सांगितले.

पंडितजी आले. त्यांचे आडनाव पंत होते. कुमाऊंतल्या पंतांचे मूळ पुरुष महाराष्ट्रातून आले, अशी त्या घराण्यांची परंपरा आहे, आणि ती त्यांनी जोडे काढता काढताच मला ऐकवली. मग पत्रिका सुलट केली, नातवाच्या यशाविषयी समाधानकारक काहीतरी पुटपुटले, आणि कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडे वळून म्हणाले, की महाराष्ट्रातून आलात म्हणे, मग तुम्ही कुठले जोशी?

मी यजमानांकडे बोट दाखवले. "सध्या यांच्याकडचे," मी म्हणालो, आणि भटाची डाळ मागितली.