पाळीव उंदराच्या दुखापतीवर फिरणारा मेसेज: एकेक मुद्दा तपासून

पाळीव उंदीर ठेवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. उंदीर दारात चेंगरला, पायाखाली आला, माळ्यावरून पडला तर घरच्या घरी काय करायचं, याची त्यात यादी आहे. उंदराला माणसासारख्या वेदना होत नाहीत, तेव्हा घाबरू नका. डोळ्यांतून किंवा नाकातून लाल आलं तर आतून फुटलाय, संपला समजा. जखमेत हळद-चुना दाबून भरा, उघडी असेल तर फेविक्विकने चिकटवा. पाय मोडला तर काडेपेटीच्या काड्या बांधा. ठणक्यावर क्रोसिनची पाव गोळी द्या. रोज ऊन दाखवा. आणि शेवटी, डॉक्टर उंदीर बघत नाहीत, बघितला तरी खर्च उंदराच्या किमतीहून जास्त, त्यापेक्षा नवा आणा. खाली हात जोडलेले आणि 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा'.

मी सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर भागात राहते, घरात उंदीर आहेत, त्यामुळे हा मेसेज मला दर आठवड्याला कुणी ना कुणी पाठवतंच. 'खरंय का ओ ताई हे?' याचं उत्तर दरवेळी तुकड्यातुकड्यात देण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

वेदना होत नाहीत, हा मुद्दा आधी घेते, कारण पुढचा सगळा निष्काळजीपणा त्याच्यावरच उभा आहे. माणसांसाठीची वेदनाशामकं आधी ज्या प्राण्यांवर तपासली जातात, त्यात उंदीर अगदी पुढे आहे. त्याला दुखतच नसतं तर त्या तपासणीला काही अर्थ उरला नसता. २०११ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी तयार केली. त्यात चार गोष्टी बघतात: डोळे अर्धवट मिटलेत का, नाक-गालाचा फुगीरपणा जाऊन तो भाग सपाट दिसतोय का, कान आत वळून टोकदार झालेत का, मिशा ताठ होऊन एकत्र आल्यात का. हे घरी बसूनही दिसतं, फक्त उंदीर आपल्याकडे बघत नसताना दुरून बघावं लागतं. शिकार होणारा प्राणी दुखणं लपवतो. हातात घेतलं की तो टुकटुक बघतो, आणि आपण म्हणतो, बरा आहे की! पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसणं, अंगाची सफाई सोडणं, केस विस्कटलेले राहणं ही लक्षणं जास्त खरी. एकट्या दात करकरण्यावर मात्र जाऊ नका, खुशीत असतानाही उंदीर दात करकरतो.

डोळ्यांतलं लाल. यानं लोक उगाच हाय खातात. उंदराच्या डोळ्यामागे हार्डेरियन नावाची ग्रंथी असते. तिच्यातून पॉर्फिरिन हे लाल रंगद्रव्य असलेला स्राव येतो. उंदीर घाबरला, आजारी पडला, दुखायला लागलं की तो वाढतो आणि डोळ्याच्या कडेला, नाकपुडीशी लालसर खपली दिसते. ते रक्त नव्हे. शंका असेल तर ओल्या कापसानं टिपा आणि अंधारात नोटा तपासायचा जांभळा टॉर्च त्यावर मारा. पॉर्फिरिन लालसर चमकतं, रक्त चमकत नाही. म्हणजे 'संपला' नाही, पण 'काही झालं नाही' असंही नाही. त्याला त्रास होतोय, एवढं ते लाल नक्की सांगतं. डोक्याला मार बसून नाकातून खरंच रक्त येत असेल तर मात्र एक मिनिटही दवडू नका. उंदीर नाकानंच श्वास घेतो. तो तोंड उघडून श्वास घेताना दिसला तर प्रकरण हाताबाहेर चाललंय.

आता हळद-चुना. आमच्या ओळखीतल्या एका मुलाच्या उंदराची शेपूट गोदरेजच्या कपाटाच्या दारात सापडली. मुलानं घाबरून उंदीर ओढला आणि शेपटीच्या शेवटच्या बोटभर भागाची कातडी मोज्यासारखी निघून आली. आजीनं मेसेज वाचून लगेच हळद-चुन्याचा लेप थापला. माझ्याकडे आणेपर्यंत त्याचं पिवळं, दगडासारखं कवच झालं होतं आणि उंदीर ते कुरतडून खात होता. चुना दाहक असतो. तंबाखू मळताना बोटाला काही होत नाही म्हणून तो उघड्या मांसाला चालेल असं होत नाही, शिवाय उंदीर चाटणार म्हणजे तो जिभेला, घशाला लागणार. कोमट मिठाच्या पाण्यात शेपूट बुडवून बुडवून ते कवच सोडवावं लागलं, आणि प्रत्येक पापुद्र्याबरोबर नवं रक्त. कातडी गेलेला शेपटीचा भाग परत भरून येत नाही. तो वाळून गळतो किंवा डॉक्टरांना कापावा लागतो. म्हणूनच उंदराला शेपटीला धरून उचलायचं नाही, ओढायचं तर नाहीच. दारात अडकला तर दार उघडायचं.

माझं हळदीशी वैर नाही. पण स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिच्या थराखाली जखमेत काय चाललंय ते दिसत नाही, आणि वाहतं रक्त थांबवायला ती लागतही नाही. त्याला दाब लागतो. स्वच्छ सुती कापड जखमेवर धरून पाच मिनिटं सलग दाबायचं, मध्ये उचलून बघायचं नाही. नख उपटून रक्त येत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबलं तरी बऱ्याचदा भागतं. इथे एक हिशेब डोक्यात ठेवावा. ३०० ग्रॅमच्या उंदराच्या अंगात रक्त असतं सगळं मिळून २० मिलिलिटरच्या आसपास, चहाचे चार छोटे चमचे. त्यातलं अर्धा चमचा गेलं तर तो दहा टक्क्यांहून जास्त ऐवज झाला. फरशीवर दिसणारे 'चार थेंब' आपल्याला चारच वाटतात.

रक्त थांबल्यावर जखम धुवायला अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात साडेचार ग्रॅम, म्हणजे सपाट छोट्या चमच्याहून थोडं कमी मीठ. बस्स. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, डेटॉल तर नकोच. बीटाडीन असेल तर ते फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. आणि हे सगळं करताना उंदीर चावला तर त्याच्यावर चिडू नका, दुखणारा प्राणी चावतोच. हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं आपल्या डॉक्टरांना विचारा. घरातल्या पाळीव उंदरामुळे रेबीज होणं अतिशय दुर्मीळ, पण पुढच्या दिवसांत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आलं तर उंदीर चावला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. उंदीर चावल्यानं येणारा वेगळा ताप असतो, त्यावर अँटिबायोटिक आहे.

फेविक्विकचं थोडक्यात. डॉक्टर जखमा चिकटवायला गोंद वापरतात हे खरं, पण तो वेगळा, शरीरासाठी बनवलेला असतो. दुकानातला सुकताना तापतो आणि मांसाला झोंबतो. त्याहून वाईट म्हणजे घाण आत ठेवून जखम बंद होते आणि तिथे गळू धरतं.

काडेपेटीच्या काड्या बांधल्या तर उंदीर त्या तासाभरात कुरतडून फेकेल हे त्यातल्या त्यात बरं. नाही फेकल्या आणि दोरा आवळला गेला तर पंजा सुजून काळा पडतो. लहानसं हाड मोडलं तर पुष्कळदा डॉक्टर काहीच बांधत नाहीत. वेदनेचं औषध आणि तीन-चार आठवडे छोट्या, एकमजली पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती, एवढ्यावर ते जुळतं. पण नुसता पाय मोडलाय की पाठीचा कणा दुखावलाय हे आपल्याला बाहेरून कळत नाही. मागचे दोन्ही पाय फरफटत असतील किंवा लघवी होत नसेल तर ते पायाचं दुखणं नव्हे.

क्रोसिनच्या पाव गोळीचं गणित कुणीतरी करून बघायला हवं होतं. गोळी ५०० मिलिग्रॅमची धरली तर पाव म्हणजे १२५ मिलिग्रॅम. ३०० ग्रॅमच्या उंदराला ती देणं म्हणजे वजनाच्या हिशेबानं ६० किलोच्या माणसाला एका दमात ५० गोळ्या देणं. उंदराचं चयापचय आपल्यापेक्षा वेगवान असतं, त्यामुळे डोस काही असा सरळ त्रैराशिकानं निघत नाही. पण म्हणूनच तो डॉक्टरांनी काढायचा, मेसेज लिहिणाऱ्यानं नव्हे. घरात पडलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळीही नको, असल्या औषधांनी उंदराच्या पोटात व्रण होतात. आणि चुकून जास्त गेलं तर उलटी करून बाहेर काढायची सोय नाही. उंदराला उलटी करताच येत नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. पशुवैद्य बहुधा मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचं पातळ औषध देतात, तेही पिंजऱ्यातल्या उंदराचं वजन करून थेंबांच्या मापानं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे कामाला येतो.

'ऊन दाखवा' लिहिणाऱ्यानं एप्रिल-मेमधलं सोलापूर पाहिलेलं नसावं. इथे पारा ४० च्या वर जाणं ही बातमी नसते. उंदराला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग गार करणंही त्याला जमत नाही. अंगातली बरीच उष्णता तो शेपटीतून बाहेर टाकतो, आणि दुखावलेली नेमकी शेपूटच असेल तर ती वाटही अडली. तिशीच्या पुढे तापमान गेलं की धडधाकट उंदीरही आडवा पडायला लागतो, मग जखमी उंदीर उन्हात काय करणार? ऊब मिळते हे त्या वाक्यातलं अर्धं सत्य आहे. मार बसून गारठलेल्या, पंजे पांढरे पडलेल्या उंदराला ऊब हवीच. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत रात्री गार असतात, तेव्हा गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची. एकाच बाजूला, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येतं. उन्हाळ्यात याच्या उलट: घरातली सगळ्यांत गार खोली, बर्फाची बाटली तशीच गुंडाळून, आणि कूलरचा झोत थेट अंगावर नाही.

अंथरायला सोलापुरात हमखास हाती येतो तो टॉवेल. नेमका तोच नको. टर्किश टॉवेलच्या फासांत उंदराची नखं अडकतात, आणि सुटायच्या धडपडीत मोडका पाय आणखी मोडतो. जुनं धोतर, मऊ झालेला सुती लुगड्याचा तुकडा किंवा वापरून विरलेली चादर चांगली. खायला कडक भाकरी देऊ नका, जबड्याला मार असेल तर ती चावता येत नाही. ताजी भाकरी पाण्यात कुस्करून किंवा बिनमिरचीची मऊ खिचडी द्या. शेंगाचटणीचा हात लागलेली भाकरीही नको. पाणी किंवा ओआरएस ओठाशी एकेक थेंब टेकवायचं. पिचकारीनं तोंडात ओतलं तर फुप्फुसात जातं, आणि बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वासमार्गात मायकोप्लाझ्मा या जंतूचा संसर्ग आधीच दबा धरून असतो.

राहिला डॉक्टरांचा मुद्दा. यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. एका दवाखान्यात मला पिंजरा टेबलावर ठेवूही दिला नव्हता. सरकारी दवाखान्यांतली गर्दी गाई-म्हशी-शेळ्यांची, खासगीत कुत्र्या-मांजरांची. पण 'डॉक्टर बघत नाहीत' आणि 'आपण न विचारताच ठरवलं की बघत नाहीत' यात फरक आहे. उंदीर धडधाकट असतानाच दोन-चार दवाखान्यांना फोन करून विचारून ठेवायचं. जवळ कुणी नसेल तर लहान प्राण्यांचे डॉक्टर पुण्यात मिळू शकतात. पुणे अडीचशे किलोमीटरवर, ताज्या दुखापतीत तेवढा प्रवास झेपेलच असं नाही, पण इथल्या डॉक्टरांना तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला कुणी अडवलेलं नाही. भूल द्यायची वेळ आली तर 'रात्रीपासून उपाशी ठेवा' ही कुत्र्या-मांजरांची सूचना सवयीनं मिळू शकते. तेव्हा नम्रपणे विचारायचं. उंदीर उलटी करत नाही, त्यामुळे त्याला तसं उपाशी ठेवायची गरज नसते, उलट साखर उतरण्याची भीती असते.

किमतीचा हिशेब मला पटत नाही, पण घरोघरची ओढाताण मला ठाऊक आहे. उंदीर जगतो दोन, फार तर तीन वर्षं, आणि त्यासाठी कर्ज काढा असं मी कुणाला सांगणार नाही. मात्र खर्च झेपत नाही म्हणून त्याला खोक्यात कण्हत ठेवून 'नवा' आणणं हा मार्ग नव्हे. काही करण्यासारखं उरलं नसेल तर डॉक्टर इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे सोडवू शकतात, आणि त्याचा खर्च शस्त्रक्रियेच्या मानानं किरकोळ असतो. शिवाय मागे राहिलेल्या जोडीदाराचं काय? उंदीर कळपात राहणारा. उपचाराच्या काळातही जखमी उंदराला दूरच्या खोलीत टाकू नका. टाके चाटू नयेत म्हणून पिंजरे वेगळे, पण शेजारी शेजारी, एकमेकांचा वास येईल असे.

फोन लावताना हे हाताशी ठेवा: वजन किती, काय झालं आणि किती वाजता, रक्त थांबलंय का, चारी पाय हलतात का, पंजे गुलाबी आहेत की पांढरे, त्यानंतर लघवी झाली का, आणि घरात आधीच काय काय लावलं किंवा पाजलं. शेवटचं लपवू नका, चुना लावला असेल तर चुना लावला म्हणून सांगा.