भाषणं लांबतात, कात्री मुलांच्या कार्यक्रमांना

दरवर्षी तेच! विद्यापीठाचं वार्षिक संमेलन जवळ आलं की मुलं आठवडेच्या आठवडे तालमी करतात. तास संपल्यावर रिकामी खोली शोधायची, कुणी हाकलेपर्यंत सराव करायचा, अभ्यास रात्री जागून. आणि प्रत्यक्ष दिवशी? पाहुणे उशिरा येतात. मग स्वागत, परिचय, सत्कार, भाषण, त्यावर आणखी एक भाषण. वेळ संपत आली की निवेदकाच्या हातात चिठ्ठी येते, पुढचे कार्यक्रम अर्ध्यावर आणा. 10 मिनिटांची नाटिका 5 मिनिटांत कशी करायची? शेवटचा प्रवेश कापला तर तिला अर्थच उरत नाही. अशी चिठ्ठी भाषण करणाऱ्याकडे का जात नाही कधी?

साउंड चेकचं तर बोलायलाच नको. वेळ कमी पडला की आधी तोच रद्द होतो. मग गाणाऱ्यासमोर मॉनिटर स्पीकर नसतो, त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, सूर सुटतो. माइक स्पीकरच्या तोंडासमोर आला की स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, फिरत फिरत वाढत जातो आणि कान फाटतील अशी शिट्टी वाजते. प्रेक्षक हसतात गाणाऱ्या पोराला. अहो, त्याची काय चूक त्यात?

पडदा ओढणाऱ्या, खुर्च्या उचलणाऱ्या मुलांची नावं आभारप्रदर्शनात कधीच नसतात, हे वेगळंच. यंदा तरी आधी मुलांचे कार्यक्रम पूर्ण होऊ द्या. सत्कार नंतर करा, पाहुणे थांबतील.