उंदराला माणसाचं किट नको
एका लेखात म्हटलंय की माणसाच्या ॲपो-बीचं (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांवरचं प्रोटीन) एलायझा किट, म्हणजे अँटिबॉडी वापरून प्रोटीन मोजायचं किट, उंदराच्या सीरमलाही (रक्तातला पेशी नसलेला द्रव) चालतं, तर प्लीज असं करू नका. मी केलंय, शेवटी रंगाची क्रिया थांबवणारं स्टॉप सोल्युशन टाकल्यावर स्टँडर्डच्या (माहीत असलेल्या प्रमाणाच्या नमुन्यांच्या) वेल्स, म्हणजे प्लेटमधल्या वाट्या, छान पिवळ्या झाल्या आणि उंदरांच्या सगळ्या पाण्यासारख्या, इतका जीव तुटला, कारण एका उंदरातून सीरम मिळतं तरी किती!! अँटिबॉडी माणसाच्या प्रोटीनवर बनवलेली, ती उंदराचं ओळखेलच असं नाही. शिवाय उंदरात सीईटीपी (एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल ॲपो-बीवाल्या कणांत हलवणारं प्रोटीन) नसतं म्हणून बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच, म्हणजे ॲपो-बी नसलेल्या कणांत, फिरतं, आणि त्याचं लिव्हर ॲपो-बी १०० सोबत ४८ पण बनवतं, माणसाचं फक्त १००. ४८ म्हणजे त्याच प्रोटीनचा सुरुवातीचा जवळपास अर्धा भाग, त्यामुळे अँटिबॉडी शेपटाकडच्या भागाला चिकटणारी असेल तर ४८ मोजलंच जात नाही. किट मागवण्याआधी कंपनीला हे नक्की विचारा.