सातशे तीन पानं आणि एक प्लेट तर्री-पोहे

सेमिस्टर सुरू झालं, सरांनी वाचायची यादी दिली आणि तुम्ही घाबरले? काहून बावा? यादी वाचायची नसते, तिचा फोटो काढायचा असतो. तो ग्रुपवर टाकायचा आणि खाली लिहायचं, "कोणी वाचलं तर सांगा बे." साठच्या साठ जण हेच लिहितात, त्यामुळे कोणी एकटं पडत नाही.

समजा, तुम्ही लॉला आहात आणि यादीत केशवानंद भारती खटला आहे. संसदेला घटना कुठवर बदलता येते, यावरचा सुप्रीम कोर्टाचा १९७३ चा निकाल, १३ न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६, पानं ७०३. एवढं पाठ झालं ना? मग अर्धा निकाल वाचून झालाच म्हणायचा. उरलेल्याची झेरॉक्स काढा. मशिनीतून निघणारी गरम पानं, स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक. तो गठ्ठा छातीशी धरून गाडीला किक मारताना जी विद्वत्ता अंगात येते, ती वाचून येत नाही. (वाचून उलट आपल्याला काय काय कळत नाही, तेच कळतं.)

काही अतिशहाणे पोट्टे हिशोब मांडतात. रोज २० पानं, म्हणजे ३६ व्या दिवशी निकाल खतम. बहुमत नेमकं कशावर झालं ते आधी पाहतात, मग एकेका न्यायमूर्तीकडे वळतात. गठ्ठा मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहून काढतात. अशांच्या नादी लागू नका, राजा. पेपरच्या आदल्या रात्री त्यांना करायला काही उरत नाही, बिचारे झोपून जातात.

तुम्ही बर्डीच्या बाजारातून हायलायटर आणा. महत्त्वाचं ते पिवळं, फार महत्त्वाचं ते गुलाबी. चौथ्या पानावर पोचेस्तोवर सगळंच महत्त्वाचं होतं आणि न रंगवलेली एखादी ओळच उठून दिसते. माझ्या गठ्ठ्यात चौथ्या पानावर तर्रीचा डाग आहे. पुढची ६९९ पानं रद्दीवाल्याकडे गेली तेव्हाही कोरी करकरीत होती.

लायब्ररीतही जा. पारा ४५ वर गेला की वाळ्याच्या कूलरसमोरची खुर्ची धरा, समोर निकाल उघडा ठेवा आणि डोळे मिटून चिंतन करा. घोरू मात्र नका.

शेवटच्या रात्री सिनियरच्या नोट्स. त्या त्याच्या सिनियरच्या, त्या आणखी कोणाच्या. झेरॉक्सची झेरॉक्स काढता काढता उजवी कड कापली गेलेली. आमच्या नोट्समध्ये होतं, "संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार आहे, पण तिला घटनेची मूलभूत चौ". पुढे कागद संपला, "चौकट"मधला "कट" कापला गेला. अर्ध्या वर्गानं पेपरात "मूलभूत चौकशी" करता येत नाही असं लिहिलं. मी "मूलभूत चौक" लिहिलं. सहा महिने लॉ कॉलेज चौकातच चहा पीत बसलो होतो, दुसरं काय सुचणार?